आपणांस खरोखर बाहेर पडायचे आहे?

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, शीतगृहाच्या माथ्यावर
आमचं ऑफिस. काचेवर मिठाचा पापुद्रा.
खाली हॅडॉकच्या पेट्या, वर त्यांचे आकडे.
आकडे माझ्याकडे.

माझा संगणक भंगारात निघाला होता.
नव्या विंडोजचं ओझं त्याला झेपणार नाही,
पॉकलिंग्टनसाहेब म्हणाले,
म्हाताऱ्या घोड्याविषयी बोलावं तशा आवाजात.
मी म्हटलं, राहू दे, मी बघते.
"तुझ्या जबाबदारीवर."
आणि तसं लिहूनही घेतलं, तारखेसकट.

शनिवारी थर्मासभर चहा घेऊन एकटीच आले,
पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं.
चाळीस मिनिटं एक निळी पट्टी
भरतीच्या पाण्यासारखी:
बघत बसलं तर हलत नाही,
चहा ओतून मान वर करावी तर पुढे आलेली.
मग पडद्यानं विचारलं, भाषा?
यादीत खाली, बरंच खाली, मराठी.
दाबली. गंमत म्हणूनच.

सोमवारी डोरीन खांद्यावरून डोकावली.
तिचे वडील मासे धुरी देणाऱ्या भट्टीत होते.
"अगं, ही तर दांडीला टांगलेली हॅडॉकं!"
बावीस वर्षांत माझ्या लिपीबद्दल
इतकं नेमकं इथं कुणी बोललं नव्हतं.

"फ्री आहे ना ते?"
आहे. पण तुमच्याकडे एका शब्दात दोघं कोंबलेत, डोरीन,
आमच्याकडे त्यांची घरं वेगळी.
फुकट, म्हणजे लग्नातलं जेवण.
आणि मुक्त, म्हणजे...
इथं माझं इंग्रजी अडखळलं.
म्हणजे आत मुदपाकात जाऊन
आमटीत आपल्या हातानं मीठ घालता येणं.
"परक्याच्या लग्नात? चालतं?"
इथं चालतं.

सगळं गोड नाही. प्रिंटर तीन दिवस रुसून बसला.
माझे तक्ते साहेबांच्या यंत्रावर बोटभर सरकतात,
कॉडचा भाव हेकच्या नावावर जातो,
साहेबांची एक भुवई वर.
आता पीडीएफ पाठवते.
कुठल्याही घरात नांदायचं
तर एवढं करावंच लागतं.

पण हे शब्द केले कुणी?
'चिकटवा.' 'पूर्ववत करा.' 'कचरापेटी.'
कुणीतरी रात्रपाळीनंतर, परभणीत किंवा पनवेलीत,
डोळे चोळत ठरवलं असेल
की 'टोपली' नको, 'पेटी' बरी.
पैसे नाहीत, नाव नाही.
एका ठिकाणी मात्र चुकलंच:
अर्ध्या लिहिलेल्या पत्रांच्या कप्प्याला
चक्क 'हुंडी' म्हटलेलं.
बँकेतला ड्राफ्ट वाटला असणार बिचाऱ्याला.

जेवणाच्या सुट्टीत, सँडविच एका हातात,
दुरुस्ती पाठवली: मसुदे.
तीन अक्षरं. दोनदा तपासली.
सोळा दिवसांनी उत्तर आलं,
'बदल स्वीकारला. आभार. योगिनी.'
पुढच्या अपडेटबरोबर तो शब्द
कुठून कुठून फिरून
माझ्याच पडद्यावर येऊन बसला,
जणू मला ओळखतच नाही.

डोरीनला दाखवला.
"कुठला हॅडॉक तुझा?" तिनं विचारलं,
आणि चष्मा लावून नीट पाहिला.

आता साडेपाच. बाहेर अंधार, क्रेनवर लाल दिवा.
बंद करायला जाते तर तो विचारतो,
आपणांस खरोखर बाहेर पडायचे आहे?

सांगली सोडताना कुणी असं विचारलं नव्हतं.
तिकीट आलं, बॅगेचं वजन झालं,
काटा दोन किलो पुढे गेला म्हणून
पोह्यांची पिशवी काढून ठेवली.
आपणांस, खरोखर,
हे शब्द त्या दिवशी कुणाच्या तोंडी नव्हते.
माझ्याही.

दोन बटणं. 'रद्द करा.' 'बाहेर पडा.'
बाण मध्येच थांबलेला.
खालून डोरीन किल्ल्या वाजवते,
"येतेस ना?"
प्रिंटर अजून कोमट आहे.